कोविड पुन्हा झाला तर तो मोजायचा कसा? राज्याच्या आरोग्य विभागाला खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, आरोग्य सेवा, महाराष्ट्र राज्य,
राज्य सर्वेक्षण अधिकारी, एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम,
आणि सर्व जिल्हा व महापालिका सर्वेक्षण अधिकारी

विषय: कोविडच्या पुनर्संसर्गाची व्याख्या, नोंद आणि प्रसिद्धी

महोदय,

९ मार्च २०२० रोजी पुण्यात राज्यातले पहिले कोविड रुग्ण सापडले. त्यानंतर राज्याचा दैनिक अहवाल जिल्हावार निघत राहिला. बाधित, बरे झालेले, मृत, इतर कारणांनी मृत, सक्रिय असे रकाने त्यात असत. यातल्या किती जणांना हा आजार आधीही होऊन गेला होता, हा रकाना मात्र कधीच नव्हता. राज्यातील बाधितांची एकूण संख्या ८१ लाखांच्या पुढे गेली. ही ८१ लाख माणसे आहेत की ८१ लाख संसर्ग, हे त्या आकड्यावरून कोणालाच सांगता येत नाही.

आमची मागणी सरळ आहे. माणसे वेगळी मोजा, संसर्ग वेगळे मोजा, आणि दोन संसर्गांमध्ये किमान किती दिवसांचे अंतर धरले ते प्रत्येक तक्त्याखाली छापा. हे कसे करता येईल आणि करताना कुठे चुकते, ते पुढे लिहितो आहोत.

आधी अंतराचा प्रश्न. कोविडमधून बऱ्या झालेल्या माणसाच्या नाका-घशात विषाणूचे निर्जीव तुकडे आठवडेच्या आठवडे राहतात आणि आरटी-पीसीआर त्यांनाही पकडते. काहींची चाचणी बारा आठवड्यांपर्यंत पॉझिटिव्ह येत राहते. त्यामुळे प्रत्येक दुसरी पॉझिटिव्ह चाचणी नवी लागण धरली तर आकडा फुगतो. उलट अंतर फार लांबचे धरले तर खरी दुसरी लागण पहिलीतच जिरून जाते. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) शास्त्रज्ञांनी २०२० च्या माहितीवर काम करताना १०२ दिवसांचे अंतर आणि मधे किमान एक निगेटिव्ह आरटी-पीसीआर अशी व्याख्या वापरली. तिच्या कसोटीवर १,३०० जणांपैकी ५८, म्हणजे ४.५ टक्के, पुनर्संसर्गाचे निघाले. युरोपीय संघाच्या रोगनियंत्रण केंद्राने एप्रिल २०२१ मध्ये ६० दिवस सुचवले. अमेरिका, इंग्लंड आणि दक्षिण आफ्रिका यांनी ९० दिवस धरले. ऑस्ट्रेलियाने जुलै २०२२ मध्ये १२ आठवड्यांवरून एकदम २८ दिवसांवर आणले आणि पुढे ते ३५ केले. म्हणजे एकच माणूस, त्याच दोन तारखा, आणि एका देशात एक रुग्ण तर दुसऱ्या देशात दोन. व्याख्या छापली नाही तर अशा आकड्यांची तुलना करण्यात काही अर्थ उरत नाही.

आयसीएमआरच्या व्याख्येतली ‘मधे एक निगेटिव्ह’ ही अट शास्त्रीय दृष्ट्या चांगली आहे, पण राज्याच्या नेहमीच्या नोंदींना ती लावता येणार नाही. ८ मे २०२० रोजी केंद्राने घरी सोडण्याचे धोरण बदलले. सौम्य रुग्णाला लक्षणे सुरू झाल्यापासून दहा दिवस झाले आणि शेवटचे तीन दिवस ताप नसला की चाचणी न करताच सोडायचे ठरले. त्यानंतरच्या बहुतेक रुग्णांकडे मधली निगेटिव्ह चाचणी नाहीच. अट ठेवली तर हे सगळे पुनर्संसर्गाच्या मोजणीतून आपोआप बाहेर पडतात, आणि मागे उरतात ते प्रवासासाठी, शस्त्रक्रियेपूर्वी किंवा नोकरीपायी वारंवार चाचणी करावी लागलेले लोक. त्यांच्यावरून राज्याचा अंदाज बांधणे चूक ठरेल.

आमचा सल्ला ९० दिवसांचा आहे. त्याचे कारण व्यावहारिक आहे: बऱ्याच देशांच्या आकड्यांशी तुलना करता येते आणि रेंगाळणाऱ्या पॉझिटिव्ह चाचण्या जवळजवळ सगळ्या गळून पडतात. पण ओमायक्रॉननंतर एवढ्याने भागत नाही. डेन्मार्कच्या शास्त्रज्ञांनी फेब्रुवारी २०२२ मध्ये दाखवून दिले की ओमायक्रॉनचा बीए.१ हा उपप्रकार होऊन गेलेल्या काही जणांना २० ते ६० दिवसांतच बीए.२ या दुसऱ्या उपप्रकाराची लागण झाली. संख्या थोडी होती, बहुतेक तरुण आणि लस न घेतलेले होते, पण जनुकीय क्रमवारीने खात्री केलेली होती. म्हणून ३० ते ८९ दिवसांत पुन्हा पॉझिटिव्ह आलेल्यांचा ‘संभाव्य पुनर्संसर्ग’ असा वेगळा गट ठेवावा. तो मुख्य आकड्यात मिसळू नये आणि टाकूनही देऊ नये. या गटातल्या ज्या नमुन्यांचे सीटी मूल्य (आरटी-पीसीआरमधला आकडा; विषाणू जितका जास्त तितका तो लहान) २५ च्या आत आहे ते जनुकीय क्रमवारीसाठी पाठवावेत. मात्र पहिला नमुना टाकून दिलेला असेल तर तुलना कशाशी करणार? निवडक प्रयोगशाळांनी कमी सीटीचे पॉझिटिव्ह नमुने उणे ८० अंशांवर निदान सहा महिने ठेवले तरच हे शक्य आहे. सीटीच्या आकड्यावर यापेक्षा जास्त भार टाकू नये. किट बदलले, विषाणूचे तपासायचे जनुक बदलले, नमुना घेणाऱ्याचा हात बदलला की तो आकडा बदलतो. एप्रिल २०२१ मध्ये सीटीची मर्यादा २४ वर आणावी का, असा प्रश्न महाराष्ट्राने विचारला होता. आयसीएमआरने तेव्हा ३५ च्या आतले सगळे पॉझिटिव्ह धरायला सांगितले.

दिवस कुठून मोजायचे हेही लिहून ठेवावे लागते. बहुतेक गोंधळ इथेच होतो. एका माणसाच्या तीन पॉझिटिव्ह चाचण्या घ्या: ५ जानेवारी २०२२, २० मार्च २०२२ आणि २५ एप्रिल २०२२. पहिल्या चाचणीपासून मोजले तर मार्चची चाचणी ७४ व्या दिवशी येते, म्हणजे जुनाच संसर्ग, आणि एप्रिलची ११० व्या दिवशी, म्हणजे नवा संसर्ग. शेवटच्या पॉझिटिव्ह चाचणीपासून मोजले तर एप्रिलची चाचणी मार्चनंतर फक्त ३६ दिवसांनी आहे, म्हणून तीही जुन्यातच जाते. दोन्ही पद्धती ९० दिवसांच्याच, उत्तरे मात्र वेगळी. आम्ही पहिली पद्धत सुचवतो, कारण दुसरीत वारंवार चाचणी करणाऱ्याचा संसर्ग कधी संपतच नाही. आणि तारीख धरायची ती नमुना घेतल्याची. अहवाल आल्याची नाही, पोर्टलवर चढवल्याची तर मुळीच नाही. प्रयोगशाळांवर ताण आला की या तीन तारखांत आठवड्याचा फरक सहज पडतो, आणि ८८ दिवसांचे ९५ होतात.

आता सगळ्यात अवघड भाग: दोन नोंदी एकाच माणसाच्या आहेत हे ओळखणे. चाचणीच्या अर्जावरचा एसआरएफ क्रमांक नमुन्याला मिळतो, माणसाला नाही. अर्जावर ‘पुनर्नमुना: होय / नाही’ अशी चौकट होती, पण दहा दिवसांनी घेतलेला पाठपुराव्याचा नमुना आणि दहा महिन्यांनी घेतलेला नव्या आजाराचा नमुना, दोन्हींचे उत्तर तिथे ‘होय’ असेच येते. त्यामुळे जुळवाजुळव नाव, वय, लिंग, मोबाइल आणि पत्त्यावरूनच करावी लागते.

मराठी नावांच्या बाबतीत यात काय घडते ते नीट पाहिले पाहिजे. एका नोंदीत ‘सुनीता रमेश जाधव’, दुसरीत ‘जाधव सुनीता आर.’, तिसरीत ‘सुनीताबाई जाधव’. रोमन लिपीत नोंद करताना दीपकचे स्पेलिंग दोन प्रकारे होते, वाघमारे दोन वेगळ्या अक्षरांनी सुरू होतात, शिंदे कधी ‘श’ने तर कधी ‘स’ने. लग्न झालेल्या मुलीचे मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात, काही घरांत पहिलेही. मधले नाव ही आपल्या नावांची मोठी सोय आहे, पण तिनेच फसगतही होते: दोन भावांचे मधले नाव आणि आडनाव सारखेच, आणि नोंदीत फक्त ‘एस. आर. जाधव’ असेल तर सुनील आणि सचिन एक होऊन जातात. मोबाइलचे तसेच. घरात पाच माणसे आणि क्रमांक एक, वाडीवर तर आशाताईंचाच क्रमांक सगळ्यांच्या अर्जावर. वय अंदाजे सांगितले जाते, ४०, ४५, ५० अशा गोल आकड्यांत.

या चुका दोन विरुद्ध दिशांना नेतात. वडील २०२१ मध्ये पॉझिटिव्ह, मुलगा २०२२ मध्ये, मोबाइल एक, नावाच्या जागी आद्याक्षरे: यंत्राने दोघांना जुळवले की न झालेला पुनर्संसर्ग तयार होतो. आणि तीच बाई पहिल्यांदा मुंबईत खासगी प्रयोगशाळेत तपासली गेली, दुसऱ्यांदा साताऱ्यात ग्रामीण रुग्णालयात, सासरच्या नावाने: जुळणी होत नाही आणि खरा पुनर्संसर्ग हरवतो. जिल्ह्याजिल्ह्यात वेगवेगळी जुळणी केली तर दुसऱ्या प्रकारची चूक वाढणारच. म्हणून जुळणी राज्य पातळीवर, एकाच ठिकाणी व्हावी.

पद्धत अशी ठेवता येईल. आधी नावे एका साच्यात आणा: बाई, ताई, राव, भाऊ हे प्रत्यय काढा, शब्दांचा क्रम सोडून द्या, उच्चारावरून संकेत तयार करा. मग कडक जुळणी: मोबाइल, लिंग आणि पहिल्या नावाचा उच्चार तिन्ही जुळले पाहिजेत, आणि जन्मवर्षात दोन वर्षांपेक्षा जास्त फरक नको. पहिले नाव नसून फक्त आद्याक्षर असेल तर ती जोडी या टप्प्यात स्वीकारूच नये. त्यानंतर सैल जुळणी: मोबाइल वेगळा असला तरी पूर्ण नाव, जन्मवर्ष आणि गाव किंवा प्रभाग जुळत असतील तर गुण द्या. वरचे गुण स्वीकारा, खालचे सोडा आणि मधल्यांतून काही शे जोड्या माणसाकडून तपासून घ्या. त्या तपासणीत किती जुळण्या खोट्या निघाल्या ते प्रमाण तक्त्यासोबत छापा. फक्त कडक जुळणीचा आकडा आणि सैलसह आकडा असे दोन्ही दिले तर वाचणाऱ्याला मर्यादा कळतात. पुढच्या काळासाठी १४ अंकी आभा क्रमांक, म्हणजे व्यक्तीचा आरोग्य खाते क्रमांक, उपयोगी पडेल. पण तो सक्तीचा करू नये, कारण मग चाचणीच टाळली जाते. नावे आणि मोबाइल क्रमांक जुळणीपुरते वापरून सांकेतिक रूपात ठेवावेत, आणि गाववार तक्त्यात पाचपेक्षा कमी संख्या असलेल्या चौकटी झाकाव्यात.

जुळणी झाल्यावर भागाकार चुकतो. समजा एका तालुक्यात पहिल्या लाटेत १०,००० जण पॉझिटिव्ह आले, त्यातले १५० दगावले. पुढच्या लाटेत ६,००० पॉझिटिव्ह, त्यातले ६०० आधीच्या यादीतले. बातमी होते ‘दहा टक्के रुग्ण पुनर्संसर्गाचे’. हा लाटेतला वाटा झाला, धोका नव्हे. धोका काढायचा तर ६०० ला ९,८५० ने भागायचे, कारण दुसऱ्यांदा आजारी पडू शकणारे तेवढेच उरले. उत्तर ६.१ टक्के. त्यातही ज्यांचे ९० दिवस लाट सुरू असताना पूर्ण झाले, ते त्या दिवसापासूनच छेदात धरायचे, आधी नाही. ज्यांची पहिली लागण लाट सुरू होण्याच्या महिनाभर आधीची, त्यांना पहिल्या दिवसापासून छेदात घेतले तर धोका कमी दिसतो, आणि ती घट प्रतिकारशक्तीमुळे आहे असा गैरसमज होतो.

हे काम आधी झालेले आहे. दक्षिण आफ्रिकेच्या शास्त्रज्ञांनी नेहमीच्याच प्रयोगशाळा नोंदी जुळवून, सुमारे २९ लाख बाधितांमध्ये १ लाख ५ हजारांवर संशयित पुनर्संसर्ग शोधले. आधी बाधित झालेल्यांमधला धोका रोज मोजला जात असल्याने, नोव्हेंबर २०२१ मध्ये तो अचानक वर चढला तेव्हा ओमायक्रॉन जुन्या प्रतिकारशक्तीला चुकवतो आहे हे त्यांना लगेच दिसले. डेल्टाच्या वेळी अशी चढण त्यांना दिसली नव्हती. आम्हाला महाराष्ट्रात हवी आहे ती हीच पूर्वसूचना. इंग्लंडमध्ये जानेवारी २०२२ अखेरपर्यंत माणूस एकदाच मोजला जात असे. ३१ जानेवारीला त्यांनी संसर्गवार मोजणी सुरू केली आणि मागची सगळी मालिका नव्या व्याख्येने पुन्हा काढली. मालिका मधेच तुटू दिली नाही, हे त्यातले घेण्यासारखे.

एक मर्यादा मान्य करूनच पुढे जावे लागेल: कागदावरचा पहिला संसर्ग हा खरोखर पहिला असतोच असे नाही. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन वॉर्डांतल्या रक्त-सर्वेक्षणात झोपडपट्टीतल्या ५७ टक्के आणि इतर वस्तीतल्या १६ टक्के लोकांत प्रतिपिंडे सापडली. तेव्हा चाचणीत सापडलेले रुग्ण मुंबईच्या लोकसंख्येच्या एक टक्क्याच्या आसपास होते. शिवाय पुनर्संसर्ग नोंदवला जायला दोनदा चाचणी व्हावी लागते. पहिल्या वेळी पाचातल्या एकाची चाचणी झाली आणि दुसऱ्या वेळी विसातल्या एकाची, तर शंभर खऱ्या पुनर्संसर्गांपैकी कागदावर एकच येईल. मे २०२१ मध्ये पुण्याच्या मायलॅबच्या घरगुती किटला आयसीएमआरची मान्यता मिळाली. निकाल ॲपवर चढवायचा होता, पण घरात लाल रेघ पाहून गप्प बसलेल्यांची नोंद कुठे होणार? म्हणून पुनर्संसर्गाच्या आकड्याशेजारी त्या आठवड्यातल्या चाचण्यांची संख्या छापलीच पाहिजे. चाचण्या घटल्याने घटलेला आकडा हा रोग घटल्याचा पुरावा नाही.

आता मृत्यूंविषयी, कारण इथे चूक झाली तर कुटुंबांच्या हक्कावर गदा येते. सप्टेंबर २०२१ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार चाचणीच्या किंवा निदानाच्या तारखेपासून ३० दिवसांत झालेला मृत्यू कोविडचा धरायचा, आणि रुग्ण सलग रुग्णालयातच असेल तर ३० दिवसांनंतरचाही. ५० हजार रुपयांचे सानुग्रह अनुदान याच नोंदीवर अवलंबून आहे. एक माणूस एप्रिल २०२१ मध्ये पॉझिटिव्ह आला, बरा झाला, १४ जानेवारी २०२२ ला पुन्हा पॉझिटिव्ह आला आणि २८ जानेवारीला गेला. दुसऱ्या चाचणीपासून हे १४ दिवस. पण दुसरी चाचणी जुन्याच रुग्ण क्रमांकाला जोडून पहिली तारीख तशीच ठेवली, तर यंत्र नऊ महिन्यांचे अंतर दाखवते आणि मृत्यू यादीबाहेर पडतो. नियम लेखी हवा: ३० दिवस मोजायचे ते शेवटच्या संसर्गाच्या पहिल्या पॉझिटिव्ह नमुन्यापासून. जुनी प्रकरणे याच नियमाने पुन्हा चाळून पाहावीत. मृत्यूच्या वैद्यकीय प्रमाणपत्रावरून हे सापडणार नाही, कारण आयसीडी-१० या आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात कोविडचा यू०७.१ हा संकेत पहिल्या आणि दुसऱ्या लागणीला एकच आहे.

मृत्युदराचेही तेच. मृत्यू माणसांचे आणि छेद संसर्गांचा असे झाले की दर आपोआप खाली येतो. पुनर्संसर्ग वाढत जातील तसा तो आणखी खाली जाईल, उपचारात काहीही सुधारणा न होता. दोन्ही दर वेगळे द्यावेत.

आता रोजच्या रोज सगळ्यांची चाचणी होत नाही. सारीचे (तीव्र श्वसनविकाराचे, रुग्णालयात दाखल झालेले) सगळे रुग्ण आणि फ्लूसदृश आजाराचे ५ टक्के अशी निवडक तपासणी चालते. मे-जून २०२५ मध्ये एनबी.१.८.१ आणि एलएफ.७ या उपप्रकारांच्या वेळी रुग्ण वाढले तेव्हाही मोजणी साधारण याच मार्गाने झाली. या पद्धतीत जुनी नोंद शोधत बसण्यापेक्षा रुग्णालाच विचारणे स्वस्त आणि बरे. निवडक केंद्रांच्या अर्जात तीन प्रश्न घाला. पूर्वी कोविड झाला होता का, आणि किती वेळा? शेवटचा केव्हा? तो कशावरून कळला: आरटी-पीसीआर, अँटिजेन, घरगुती किट, की चाचणी न करता डॉक्टरांनी सांगितले? महिना आठवत नसेल तर ‘गणपतीच्या आधी की नंतर’, ‘होळीला बरे होतात का’ असे विचारायला कर्मचाऱ्यांना शिकवा. सणाची आठवण पक्की असते, तारखेची नसते. ‘माहीत नाही’ हे उत्तर वेगळे नोंदवा, रिकामी चौकट म्हणजे ‘नाही’ असे समजू नका. क्षयरोग कार्यक्रमात नवा रुग्ण की पूर्वी उपचार घेतलेला, हे प्रत्येकाला विचारण्याची पद्धत वर्षानुवर्षे रुळलेली आहे. तेच कर्मचारी, तीच आरोग्य केंद्रे. कोविडसाठी हे अवघड जाण्याचे कारण दिसत नाही.

आमची विनंती आहे की विभागाने दोन महिन्यांत एका पानाचे परिपत्रक काढावे आणि त्यात अंतर, दिवस मोजण्याची सुरुवात, नमुना तारखेचा नियम, संभाव्य गट आणि मृत्यूचा ३० दिवसांचा नियम स्पष्ट लिहावा. त्यानंतर मार्च २०२० पासूनच्या नोंदींची राज्य पातळीवर जुळणी करून जिल्हा व महिनावार तक्ता प्रसिद्ध करावा: माणसे, संसर्ग, पुनर्संसर्ग, संभाव्य पुनर्संसर्ग, चाचण्या. तक्ता चित्ररूप पीडीएफमध्ये नको, मोजता येईल अशा फाइलमध्ये हवा. जुळणीची नियमावली तपासून देणे, नमुना-जोड्या हाताने पडताळणे आणि जिल्हा कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण या तिन्ही कामांना आम्ही विनामोबदला वेळ द्यायला तयार आहोत.

आपले,
साथरोग सर्वेक्षण, प्रयोगशाळा आणि आरोग्य सांख्यिकी या क्षेत्रांत काम करणारे आम्ही काही जण